लेकरू कुणाचे?

शिरूरला जुनी माणसे अजूनही घोडनदी म्हणतात. १९८७ साली मी तिथे एका बँकेच्या शाखेत अधिकारी म्हणून बदलून गेलो. लग्न नुकतेच झाले होते. संध्याकाळी सहानंतर गावात करायचे काय, हा प्रश्न आम्हा दोघांनाही पडे. त्यामुळे थंडीतल्या एका सकाळी भोंगा लावलेली रिक्षा गल्लीतून फिरू लागली आणि ‘दौंडच्या हौशी कलावंतांचे, चिनी लोककथेवर आधारित भव्य संगीत नाटक’ अशी हाळी कानांवर आली, तेव्हा बँकेत जाण्यापूर्वीच मी दोन तिकिटे काढून ठेवली.

बँकेत दिवसभर हाच विषय. आमचे शिपाईमामा माजी सैनिक. १९६२ साली ते वर्दीत होते. चहाचा कप टेबलावर ठेवत ते म्हणाले, “साहेब, चिन्यांचं नाटक बघायला वर आपणच पैसे द्यायचे?”

रोखपाल म्हणाला, “मामा, गोष्ट चिन्यांची असली तरी नाटक आपल्या खानोलकरांचं आहे. आणि नट दौंडच्या रेल्वेतले आहेत.”

मामांनी जरा विचार केला. “आन् ढोलकी?”

ढोलकी चौफुल्याची होती. पुणे-सोलापूर रस्त्यावर दौंड तालुक्यात चौफुला लागतो. तिथली कलाकेंद्रे आणि तिथली लावणी महाराष्ट्रभर ठाऊक आहे. तिथलाच एक ढोलकीवाला या मंडळींनी हातापाया पडून आणला होता. “मग बघू या,” मामा म्हणाले. चीनचा प्रश्न ढोलकीपाशी मिटला.

नाटक होते ‘अजब न्याय वर्तुळाचा’. चिं. त्र्यं. खानोलकरांचे, म्हणजे आपल्या आरती प्रभूंचे. विजया मेहता यांनी फ्रिट्झ बेनेविट्झ या जर्मन दिग्दर्शकाच्या साथीने १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात ते मुंबईत उभे केले आणि पुढे त्याचे प्रयोग पूर्व जर्मनीतही झाले. खानोलकर १९७६ साली गेले. ही सगळी माहिती मला पुढे मिळाली. त्या दिवशी मला एवढेच ठाऊक होते की नाटकात गाणी आहेत आणि एका लेकरावरून दोन बायांचे भांडण आहे.

नाटकाकडे वळण्यापूर्वी आणखी एका बाईंविषयी सांगायला हवे.

नाटकाच्या आधी दोनएक महिने त्या माझ्या टेबलापुढे येऊन उभ्या राहिल्या होत्या. बाजारात भाजी विकायच्या. बरोबर सात वर्षांचा मुलगा आणि हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले रेल्वेचे कागद. मुलाचा बाप दौंडला रेल्वेच्या मार्गावर गँगमन होता. त्या पावसाळ्यात तो आजारपणात गेला. मुलाची आई तर बाळंतपणातच गेली होती. बारा दिवसांचे पोर तिच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे या बाईंनी, टोपलीत घालून एसटीने शिरूरला आणले आणि वाढवले. आता बापाच्या फंडाचे पैसे मुलाच्या नावाने यायचे होते. त्यासाठी मुलाच्या नावाचे खाते हवे होते.

“तुम्ही मुलाच्या कोण?” मी विचारले.

“म्या? म्या त्याची आय.”

“कागदावर?”

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “कागदावर मावशी.”

अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक म्हणजे बाप, त्याच्या पश्चात आई. १९५६चा कायदा तसे सांगतो. दोघेही नसतील तर पालक न्यायालयाने नेमावा लागतो. नियम मला पाठ होता. मी फॉर्म परत केला. आठवडाभराने दौंडकडून मुलाचा चुलता आला. पांढरे धोतर, सरपंचाचा दाखला, बोलणे गोड. त्याचाही फॉर्म मी परत केला. दोघांना सारखाच न्याय दिला, असे मला वाटले आणि खरे सांगायचे तर त्याचा थोडा अभिमानही वाटला. मुलगा रात्री कुणाच्या कुशीत झोपतो हे विचारायला फॉर्मवर रकाना नव्हता, आणि रकान्याबाहेरचे विचारण्याची मला सवय नव्हती.

प्रयोग शाळेच्या पटांगणात होता. लाकडी फळ्यांचा रंगमंच, मागे कनात, पुढे सतरंज्या. बाया डावीकडे, पुरुष उजवीकडे, पोरे जिथे जागा मिळेल तिथे. दौंड हे रेल्वेचे गाव. मनमाडकडून, सोलापूरकडून आणि पुण्याकडून येणारे रूळ तिथे मिळतात. नटांत कुणी तिकीट तपासनीस, कुणी मालधक्क्यावरचा कारकून, दोघे शाळामास्तर. एकाची रात्रपाळी असल्याने नाटक वेळेवर सुरू झाले. नाटक वेळेवर सुरू होण्याचे एवढे पटण्यासारखे कारण मी नंतर कधी ऐकले नाही.

गोष्ट तशी साधी. राज्यात बंड होते. राज्यकर्ता मारला जातो. त्याची बायको पळताना उंची कपडे गोळा करते आणि तान्हे मूल विसरून जाते. एक मोलकरीण ते मूल उचलते. तिचे एका शिपायावर प्रेम आहे. त्याने परत यायचे आणि तिने वाट पाहायची, असा दोघांचा शब्द झालेला आहे. पण मुलाला कुणाचे तरी नाव हवे, डोक्यावर छप्पर हवे, म्हणून ती मरायला टेकलेल्या एका माणसाशी लग्न लावून घेते. लढाई संपल्याची बातमी येताच तो मरायला टेकलेला माणूस ताडकन उठून बसतो. इथे पटांगण हसून हसून लोळले. मग शिपाई परत येतो. ओढ्याच्या अलीकडे ती, पलीकडे तो, आणि मध्ये ते परके मूल. तिला खरे सांगता येत नाही, आणि त्याला ते समजत नाही. ढोलकी थांबली होती. नुसती पेटी वाजत होती. माझ्या शेजारी बसलेल्या मामांनी मफलर वर ओढून घेतला.

शेवटी मुलाची खरी आई त्याला मागायला येते. एक अर्धवट दारुडा, वाह्यात माणूस न्यायाधीश होऊन बसला आहे. तो जमिनीवर एक वर्तुळ काढायला सांगतो. मूल मध्ये उभे करा, दोघींनी दोन हात धरा, जी ओढून बाहेर काढील तिचे मूल.

दौंडच्या मंडळींनी खडूऐवजी रांगोळी वापरली होती. फळ्यांवर खडू उमटत नाही, एवढेच कारण. पण पुढे या गोष्टीचा मागोवा घेताना मला समजले की मूळ चिनी नाटकात न्यायाधीश चुन्याची भुकटी आणायला सांगतो. म्हणजे खडूपेक्षा आमची रांगोळीच मुळाला जवळची होती.

त्या मूळ नाटकाविषयी थोडे सांगतो. चीनमध्ये युआन घराण्याच्या काळात, म्हणजे १२७१ ते १३६८ या दरम्यान, ली शिंगदाव नावाच्या नाटककाराने ते लिहिले. मंगोलांचे राज्य आले होते. अधिकारी होण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या परीक्षा बराच काळ बंद पडल्या होत्या. शिकलेली माणसे रिकामी झाली आणि त्यातली कित्येक नाटकाकडे वळली. चार अंक, मधूनमधून गद्य, आणि गायचे ते फक्त प्रमुख पात्राने. रंगमंचावर आलेले पात्र आधी आपले नाव-गाव सांगते आणि मग कामाला लागते. आपल्या वगनाट्यापेक्षा हे फार वेगळे नाही. त्या नाटकात हायतांग नावाची एक गरीब घरची मुलगी आहे. घर चालवण्यासाठी तिला कलावंतिणीचा धंदा पत्करावा लागतो. मा नावाचा श्रीमंत माणूस तिला दुसरी बायको करून घरी आणतो. तिला मुलगा होतो. थोरलीला मूल नाही, पण कचेरीतला एक कारकून तिचा यार आहे. ती नवऱ्याला विष घालते, आळ हायतांगवर घेते, आणि मूल माझेच म्हणून उभी राहते. सुईणी आणि शेजारी पैसे घेऊन तशी साक्ष देतात. शेवटी खटला बाव नावाच्या न्यायाधीशापुढे येतो. हा बाव अकराव्या शतकात खरोखर होऊन गेलेला अधिकारी. आपल्याकडे रामशास्त्र्यांचे नाव जसे घेतात, तसे चिनी लोक त्याचे नाव घेतात. तो चुन्याचे वर्तुळ काढतो आणि हायतांग मुलाचा हात सोडून देते.

थोरलीला मूल कशासाठी हवे होते? वारसासाठी. मूल ज्याचे, मालमत्ता त्याची. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या नाटककाराला बँकेच्या काउंटरवर बसलेल्या माणसाइतके हे ठाऊक होते.

१८३२ साली हे नाटक फ्रेंचमध्ये आले. १९२५ साली क्लाबुंड नावाच्या जर्मन कवीने त्याची प्रेमकथा केली. त्याच्या नाटकात निवाडा करणारा बादशहाच हायतांगचा जुना प्रियकर निघतो आणि शेवटी तिच्याशी लग्न करतो. ब्रेख्तला ही गोड भेळ मानवली नसावी. १९४४ साली, अमेरिकेत आसरा घेऊन राहत असताना, त्याने गोष्ट कॉकेशसमध्ये नेली आणि निकाल फिरवला. चिनी नाटकात मूल जन्म देणारीला मिळते, ब्रेख्तच्या नाटकात वाढवणारीला. त्याच्या नाटकाच्या सुरुवातीला दोन गावांचा एका खोऱ्यावरून वाद आहे, आणि खोरे मिळते ते जे त्याची निगा राखतील त्यांना. धरणाखाली गेलेल्या गावांची माणसे जिथे नव्याने वसवली गेली, त्या शिरूर-दौंडकडच्या लोकांना हा वाद वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

गोष्टीची दुसरी भावंडे आपल्या ओळखीची आहेत. बायबलमधल्या सॉलोमन राजाने तलवार मागवली. आपल्या जातककथेत महोसध पंडिताने जमिनीवर रेघ मारली, तिच्यावर मूल ठेवले, एका बाजूने आई आणि दुसऱ्या बाजूने आईचे रूप घेतलेली यक्षिणी. ही कथा बौद्ध भिक्षूंबरोबर चीनला गेली असावी, असे मला आपले वाटते.

पुन्हा शिरूरच्या पटांगणात येतो. राज्यकर्त्याच्या बायकोने जोर लावला. मोलकरणीने हात सोडला. नाटकात न्यायाधीश तिला आणखी एक संधी देतो. त्या दोन ओढींच्या मधल्या शांततेत बायांच्या बाजूने मोठ्याने आवाज आला, “अगं धर की! सोडती कशाला?”

लोक हसले. मी मान वळवून पाहिले. भाजीवाल्या बाई उठून गुडघ्यावर बसल्या होत्या. मुलगा त्यांच्या मांडीजवळ गोधडीत झोपला होता. मोलकरणीने दुसऱ्यांदाही हात सोडला. या वेळी कुणी हसले नाही. निकाल लागला, मूल मोलकरणीला मिळाले, शिपायाशी तिची गाठ पडली, ढोलकी घुमली, टाळ्या झाल्या. बाई मात्र टाळ्या वाजवत नव्हत्या. मुलाला खांद्यावर टाकून त्या गर्दीच्या आधी निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास त्या बँकेत आल्या.

“साहेब, त्यो रातचा न्यायाधीश कुठल्या कोर्टात बसतो?”

“अहो, ते नाटक होतं.”

“पर गोष्ट तर खरी आसंल?”

“चीनमधली आहे. सातशे वर्षांपूर्वीची.”

“मंजी तवापासून ह्योच ताप हाय,” त्या म्हणाल्या. मग टेबलाच्या कडेवर बोट ओढत त्यांनी विचारले, “पर साहेब, म्या सोडला नसता. त्याला दुखू दिलं नसतं, पर सोडलाबी नसता. मंग त्यानं मला दिला नसता का?”

या प्रश्नाला मी उत्तर देऊ शकलो नाही. रात्री मी त्या न्यायाधीशाच्या हुशारीवर खूश होऊन घरी गेलो होतो. पण ही परीक्षा उभी आहे ती जिची माया जास्त तिने हरायची तयारी दाखवण्यावर. न्यायाधीश शहाणा आणि जागा असेल तरच ती पास होते. तो जरा डुलक्या घेत असला, किंवा माझ्यासारखा नियमावर बोट ठेवून बसला असला, तर हात सोडणारी नुसतीच हात सोडून घरी जाते. आणि सरळ सांगायचे तर, त्या दिवसापर्यंत तिच्या गोष्टीतला न्यायाधीश मीच होतो आणि मी वर्तुळसुद्धा काढले नव्हते.

मी त्यांना बसायला सांगितले. म्हणालो, “मावशी, खऱ्या कोर्टात सोडून चालत नाही. तिथं धरावंच लागतं. अर्ज करावा लागेल.”

१८९०चा पालक आणि पाल्य कायदा आहे. त्यात एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे. पालक नेमताना न्यायालयाने मुलाचे हित पाहायचे, आणि मूल कळत्या वयाचे असेल तर त्याची इच्छाही विचारात घ्यायची. इंग्रजांच्या अमदानीतला हा कायदा वाचताना मला बाव न्यायाधीशाची आठवण झाली. अर्ज पुण्याला जिल्हा न्यायालयात करायचा होता. माझ्या ओळखीच्या एका वकिलांनी जवळजवळ फुकट काम घेतले. पुरावा गोळा करायचे काम मी संध्याकाळी करू लागलो. सहानंतर काय करायचे हा प्रश्न सुटला. लस टोचल्याची कार्डे, शाळेच्या नोंदवहीतले पालकाचे नाव, देवीच्या जत्रेत काढलेला एक फोटो, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. माझी पत्नी त्यांची यादी करी. एका संध्याकाळी ती म्हणाली, “आई असण्याचा एवढा पुरावा मलाही देता येणार नाही.” तेव्हा आमच्या घरी पाळणा हलायचा होता.

चौदा महिने तारखा पडल्या. बाई पहाटेच्या एसटीने भाजीची पाटी शेजारणीवर सोपवून पुण्याला जायच्या. चुलता पहिल्या चार तारखांना आला. मग त्याच्या वकिलाने त्याला समजावले की पैसे न्यायालयाच्या हुकमाने मुदत ठेवीत राहतील, आणि त्या वेळच्या कायद्याप्रमाणे न्यायालयाने पालक नेमलेले मूल अठराव्या नव्हे, एकविसाव्या वर्षी सज्ञान होते. पाचव्या तारखेला चुलता आला नाही. सहाव्यालाही नाही. खडू नाही, रांगोळी नाही, कुणी ओढलेही नाही. मुदत ठेवीने निकाल लावला.

त्यानंतर कर्जवसुलीच्या कामाने न्हावऱ्याच्या रस्त्याने मी अनेकदा चौफुल्यापर्यंत गेलो. चौफुल्याहून केडगाव जवळ. पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन तिथलेच. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९००च्या दुष्काळात गुजरातेतून त्यांनी पोरक्या मुली आणल्या, आणि दौंड तालुक्यातल्या त्या माळावर शेकडो लेकींची एक आई झाली. तिथे त्या मुलींना छापखान्याचे कामही शिकवले जाई. रमाबाईंनी आयुष्याच्या अखेरीस बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२ साली त्या गेल्या आणि त्यांच्यामागे ते संपूर्ण छापून झाले. त्यात ती सॉलोमनाची गोष्ट आहेच. जन्म देणारीलाच मूल मिळावे, अशी ती गोष्ट. ती केडगावात टाइप जुळवून छापली गेली, आणि टाइप जुळवायला शिकलेल्या त्या मुलींना वाढवणारी आई जन्म देणारी नव्हती. पुढे मी कादंबऱ्या लिहू लागलो, पण असा योग माझ्या कल्पनेत आला नसता.

‘माय मरो पण मावशी जगो’ ही म्हण आपण सगळेच लहानपणी ऐकतो आणि जराशी कठोर म्हणून बाजूला ठेवतो. ती कुणी तरी अनुभवातून केली असणार. चिनी नाटकाने एक निकाल दिला, ब्रेख्तने दुसरा. आपल्या म्हणीने दोन्ही बाया एकाच घरात आणून प्रश्न मिटवला.

न्यायालयाचा हुकूम घेऊन बाई १९८९ साली बँकेत आल्या. मी स्वतः फॉर्म भरला. खातेदार, अज्ञान. पालक, त्यांचे नाव. ‘नाते’ या रकान्यापाशी मी थांबलो. त्या म्हणाल्या, “आय लिवा.” हुकमात ‘मावशी’ होते. मी ‘मावशी, न्यायालयाच्या आदेशानुसार’ असे लिहिले. अंगठा उमटवताना त्यांनी त्याबद्दल काही विचारले नाही. त्यांना वाचता येत नव्हते. मीही सांगितले नाही. नियमाप्रमाणे ते बरोबर होते. पण पुढे बदली होऊन शिरूर सुटले तरी तो रकाना मला अधूनमधून आठवत राहिला.

गेल्या वर्षी टपालाने एक लग्नपत्रिका आली. पाकिटावर शिरूरचा शिक्का. नाव वाचून आधी उलगडा होईना. मग झाला. त्या मुलाच्या मुलीचे लग्न होते. वर गणपती रांजणगावचा, खाली आप्तेष्टांची भलीमोठी यादी. वधूच्या नावाखाली लहान अक्षरांत ‘यांची नात’ म्हणून बाईंचे नाव होते. त्याआधी कुठलाही खुलासा नव्हता.

पत्नीने चष्मा लावून पत्रिका वाचली आणि विचारले, “या म्हणजे वधूच्या आजी?”

“हो,” मी म्हणालो, “वडिलांची आई.”